मधल्या खुर्चीवरच्या भोयरबाई

भोयरबाई आमच्या संस्थेत नेमक्या कोण होत्या, हे मला शेवटपर्यंत कागदावर नीट लिहिता आलं नाही, आणि मी तर तिथला कार्यालय अधीक्षक. शिपायापासून संचालकांपर्यंत प्रत्येकाला काहीतरी पद असतं. बाईंच्या नावापुढे मात्र मी दर जूनला वेगळं काहीतरी लिहायचो. कधी संशोधन साहाय्यक, कधी क्षेत्र समन्वयक, एका वर्षी तर नुसतंच 'इतर'. काम वर्षानुवर्षं एकच. एक माणूस बोलतो, दुसऱ्याला त्याची भाषा कळत नाही, आणि बाई मधल्या खुर्चीवर बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करतात. दुभाषी हा साधा शब्द आहे त्याला. पण तसं पद आमच्या मंजूर यादीत नव्हतं, म्हणून बाई संस्थेत होत्याही आणि नव्हत्याही.

आणि हे बसून करायचं काम असलं तरी बाईंना बसवायचं नाही. पाय सतत हलत असायचा. माझ्या टेबलापाशी आल्या की उभ्याउभ्याच बोलायच्या, हातात स्कूटरची किल्ली फिरवत. मला चिडचिड व्हायची. मी एकदा म्हटलं, "बाई, बसा किंवा जा. असं अधांतरी राहू नका." त्या म्हणाल्या, "बापूराव, माझी नेमणूकच अधांतरी आहे."

त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, पुलगावच्या. वडील सीताराम भोयर तिथल्या गिरणीत कारकून होते, पण गावात त्यांचं नाव होतं ते लग्नं जुळवण्यासाठी. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे लोक समोरासमोर बोलत नाहीत, मध्यस्थ बोलतो. मुलाकडच्यांनी म्हणायचं, मुलगी काळी आहे. सीतारामजी मुलीच्या बापाला सांगणार, तुमची मुलगी तरतरीत आहे म्हणाले. मुलीच्या बापानं म्हणायचं, यांची ऐपत काय ते दिसलं. सीतारामजी परत येऊन सांगणार, माणसं साधी आहेत, त्यांना थाटमाट नको. रुपाली, म्हणजे आमच्या भोयरबाई, लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून हे सगळं ऐकायची. आपल्यामुळे कुणी कुणाच्या घरून रागावून उठता कामा नये, एवढीच त्या माणसाची विद्या होती, आणि ती मुलीनं पुरती घेतली.

इंग्रजीत एम.ए. करून त्या पंचाण्णवच्या सुमारास पुण्याला आल्या. सदाशिव पेठेत माझ्याच गल्लीत चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायच्या आणि शिकवण्या घ्यायच्या. बोलण्यात सुरुवातीला वऱ्हाडी यायची. आमच्या पेठेत अशा माणसाची मराठी सुधारून द्यायला लोक टपलेलेच असतात, त्यामुळे वर्षभरात बाई आमच्यापेक्षा शुद्ध बोलायला लागल्या. फार गडबडल्या की तेवढं मूळचं वर यायचं.

त्या काळात बाजार नुकता उघडला होता आणि परदेशी कंपन्यांना पुण्यातल्या बायका कपडे कशा धुतात याची एकदम काळजी वाटायला लागली होती. धुण्याचं यंत्र करणाऱ्या एका कंपनीचे दोन गोरे साहेब आले आणि त्यांना घरोघरी घेऊन जायला बाईंना बोलावलं. कर्वेनगरात एका गृहिणीला साहेबानं विचारलं, तुम्ही कॉलर इतक्या जोरात का घासता. ती आधीच वैतागलेली, म्हणाली, "यांना म्हणावं, घरी जाऊन तुमच्या आईला विचारा." भोयरबाईंनी इंग्रजीत सांगितलं, धुणं कसं करावं हे आईकडूनच शिकायला मिळतं असं या म्हणतात. साहेब खूश. पुढे त्या कंपनीच्या जाहिरातीत कपडे धुणाऱ्या मुलीच्या मागे तिची आई उभी असायची. बाई हसत सांगायच्या, त्या आईला मी जन्म दिला.

मग मोबाइलवाले आले, बँकांची यंत्रं आली, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. प्रत्येकाला 'वापरणारा माणूस' बघायचा होता आणि तो माणूस मराठीत बोलायचा. धायरीला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमची डिझाइनची संस्था सुरू झाली तेव्हा बाई तिथे आल्या, आणि करारावर राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

नंतर आमच्याकडे डॉ. अलिझा सय्यद आल्या. आजोबांचं भवानी पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान, पुण्यातल्या मुलांची पुस्तकं शिवण्यात घराण्याची तीन माणसं म्हातारी झालेली. पण अलिझा वाढली मस्कतला आणि शिकली इंग्लंडात. मराठी येत नव्हती, हिंदी जपून बोलायची. तिशीची पोर, दिवसभर काम, जेवणाची शुद्ध नाही. तिच्याबरोबर आमच्याकडे 'निर्वसाहतीकरण' हा शब्द आला. नोटिशीत तो पहिल्यांदा टाइप झाला तेव्हा तीनदा चुकला. तिचं म्हणणं असं, की इंग्रजांनी आपल्या लोकांना मोजलं, वर्गवारी केली, कप्प्यांत घातलं. आणि आपले संशोधक आजही टेपरेकॉर्डर घेऊन गरिबांच्या दारात तेच करतात. माहिती गोळा करायची, आपण डॉक्टर व्हायचं, ती माणसं तिथेच. हे बंद करायचं. ज्यांच्याबद्दल संशोधन, त्यांनाच सहसंशोधक म्हणायचं आणि त्यांच्याच भाषेत बोलायचं.

हाच शब्द आमच्या नियामक मंडळाचे डॉ. दिग्विजय सरनाईक यांनाही फार आवडला. ते आयुष्यभर बसच्या खुर्च्यांची डिझाइनं करत होते, निवृत्तीनंतर त्यांना परंपरेचा लळा लागला. त्यांचं म्हणणं, निर्वसाहतीकरण म्हणजे परकं तेवढं काढून टाकायचं आणि आपलं प्राचीन ज्ञान अभ्यासक्रमात आणायचं. अलिझाबाईंनी बैठकीत विचारलं, आपलं म्हणजे कुणाचं? त्या ज्ञानाला हात लावायची परवानगी कुणाला होती? सरनाईक म्हणाले, ज्यांनी इंग्रजांच्या आधी इथे राज्य केलं त्यांनी आम्हाला वसाहतवाद शिकवू नये. ज्यांनी पुण्याची पुस्तकं शिवली त्यांनी नेमकं कुठे राज्य केलं, हे मला विचारायचं होतं, पण मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. मग मुलांमध्येही दोन तट पडले. भिंतीवर पोस्टरं लागली, फाडली गेली, पुन्हा लागली. आणि हे सगळं भांडण, दोन्हीकडून, इंग्रजीत. माझं डोकं उठायचं.

गंमत म्हणजे दोघांच्याही हातात पुरावा एकच होता. अलिझाबाई तीन वर्षं लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांमध्ये काम करत होत्या. त्यांच्यातल्या यमुनाबाईंनी सांगितलं होतं की भाजीचे ढीग कसे लावायचे हे आमच्या आजीनं शिकवलं: पालेभाजी अर्धगोलात, मधे लिंबं, उजव्या हाताला मिरची. 'आजीची मांडणी' असं तिला नाव पडलं. अलिझाबाई म्हणायच्या, हे कष्टकरी बायकांचं ज्ञान, कुठल्याही पुस्तकाला न शिवलेलं. सरनाईक म्हणायचे, ही आपली हजारो वर्षांची परंपरा. त्या अर्धगोलाचं चित्र आमच्या मोठ्या परिषदेच्या पत्रिकेवरही छापलं गेलं.

त्या परिषदेच्या शेवटी भोयरबाईंना कायम करण्याची घोषणा व्हायची होती. संशोधन सहयोगी, पूर्ण वेतन. अलिझाबाईंनी मंडळाशी भांडून ते पद मंजूर करून घेतलं होतं, वयाची अट शिथिल करून. मी आदेश टाइप करून ठेवला होता, फक्त तारीख घालायची राहिली होती. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सदाशिव पेठ सोडून स्वतःचं घर बघायला सुरुवात केली होती. धायरीतच, संस्थेपासून चालत जाता येईल असं.

आणि परिषदेच्या महिनाभर आधी त्या माझ्यासमोर येऊन चक्क खुर्चीवर बसल्या. मी घाबरलोच. म्हणाल्या, "बापूराव, मी एक घोळ करून ठेवला आहे."

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी अलिझाबाई पहिल्यांदा यमुनाबाईंच्या घरी गेल्या, तेव्हा आणखी आठदहा बायका जमल्या होत्या. अलिझाबाईंनी सुरुवातीलाच भोयरबाईंना बजावलं, यांना आधी स्पष्ट सांगा. यातून त्यांना काहीही मिळणार नाही. शेड नाही, गाळा नाही, पैसे नाहीत. हे नुसतं संशोधन आहे, नको असेल तर त्यांनी आत्ताच नको म्हणावं. सरळ बाई होती ती, तिचं तत्त्वच ते.

"माझ्या हातात कप होता हो," भोयरबाई म्हणाल्या. "घरची बाई पदरानं बशी पुसून चहा देते, पोह्यांवर खोबरं घालते, आणि मी तोंड उघडून पहिलं वाक्य काय बोलू? तुम्हाला काही मिळणार नाही?"

म्हणून त्यांनी सांगितलं, या मॅडम फार शिकलेल्या आहेत, तुमचं भलं करायचं त्यांच्या मनात आहे. देवाच्या मनात असलं तर रस्त्याला एखादी शेडही होईल, पुढचं पुढे बघू. सगळ्या बायका खुशीनं हो म्हणाल्या. अलिझाबाईंना वाटलं, काही मिळणार नाही हे कळूनही बायका तयार झाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते म्हणे. सीताराम भोयरांच्या मुलीनं आणखी एक बैठक जुळवली होती.

बाई हे एव्हाना विसरल्याही होत्या. पण परवा यमुनाबाईंना परिषदेचं बोलावणं द्यायला गेल्या तेव्हा यमुनाबाईंनी विचारलं, शेड कधी? मधल्या काळात गावानं आतल्या बाजूला मंडई बांधली होती, गाळ्यांसाठी नावं मागवली होती. या बायकांनी नावं दिली नाहीत, कारण रस्त्यावर शेड होणार होती. आता गाळे संपले होते, आणि रस्ता रुंद होणार म्हणून त्यांना उठवायला लागले होते.

मी बाईंना धीर दिला. म्हटलं, यमुनाबाई व्यासपीठावर शेडचं कशाला काढतील? शाल घेतील, जेवतील, जातील. बाईंना ते पटलं नाही. आधी लोणीला जाऊन खरं सांगून येते म्हणाल्या. गेल्या, आणि मेथी घेऊन परत आल्या. पुन्हा गेल्या, शेपू घेऊन आल्या. समोर बसलं की यमुनाबाई पाटीतलं चांगलं चांगलं निवडून पिशवीत भरायच्या, आणि बाईंची जीभ उचलायची नाही. ती शेपू माझ्या घरी आली. आमच्याकडे शेपू कुणी खात नाही. मी तिच्याकडे बघत बसलो आणि मला बाईंचा भयंकर राग आला. इतकं गोड बोलून शेवटी कुणाचं भलं झालं?

परिषद आमच्या शेडच्या सभागृहात होती. वर पत्रा, खाली मे महिना. दिल्लीचे, बंगळूरचे, इंग्लंडचे पाहुणे घामाघूम. पहिल्या रांगेत यमुनाबाई आणि लोणीच्या आणखी तिघी, नवी लुगडी नेसून. त्यांच्या आणि अलिझाबाईंच्या मधल्या खुर्चीवर भोयरबाई. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सरनाईक बोलले, अलिझाबाई बोलल्या, मग दोघं एकदमच बोलायला लागले. सरनाईकांनी पडद्यावरच्या अर्धगोलाकडे बोट करून सांगितलं, या माउलीला तुमच्या इंग्लंडच्या सिद्धांताची गरज नाही. अलिझाबाई म्हणाल्या, तुमच्या परंपरेची आहे का ते तिलाच विचारा. मागे मुलांनी बाकं वाजवली. यमुनाबाई दर दोन मिनिटांनी भोयरबाईंना विचारत होत्या, "काय म्हनत्यात?" आणि बाई कानात काहीतरी सांगत होत्या. शेवटी अध्यक्षांनी माइक यमुनाबाईंकडे दिला. सहसंशोधक म्हणून आपला अनुभव सांगा म्हणाले.

यमुनाबाई उभ्या राहिल्या. "मला तुमचं भांडान कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी दोघंबी मोठी मानसं. मला येवढंच सांगा, शेड कवा देनार? मंडईत गाळं वाटलं तवा आमी नावं दिली न्हाईत. का, तर म्याडम रस्त्याला शेड देनार. आता तिथनंबी उठवाया लागल्यात. आमी बसायचं कुठं?"

भोयरबाईंनी तोंड उघडायच्या आधी सरनाईक उभे. त्यांना मराठी येत होती, आणि संधी तर त्याहून चांगली कळत होती. पाहुण्यांकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं की परदेशात शिकून आलेल्या या विदुषींनी आमच्या गावच्या गरीब बायकांना शेडचं आमिष दाखवून तीन वर्षं वापरलं, आणि खरा वसाहतवाद तो हाच. मुलांच्या एका बाजूनं घोषणा सुरू केल्या. अलिझाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी असं काही कबूल केलेलं नाही, म्हणाल्या. सरनाईक म्हणाले, म्हणजे ही म्हातारी खोटं बोलते आहे का? तसं स्पष्ट सांगा. सगळे अलिझाबाईंकडे बघायला लागले आणि अलिझाबाई भोयरबाईंकडे.

मी दाराशी उभा होतो. माझ्या मनात एकच होतं, बाई, आता गप्प राहा. नुसत्या गप्प राहिलात तरी तुमच्या आदेशावर आज तारीख पडेल.

बाई उठल्या. माइक हातात घेतल्यावर त्यांची पुण्यात कमावलेली मराठी कुठल्या कुठे गेली. "यमुनाबाई, म्याडम खोटं नाही बोलून राहिल्या," त्या म्हणाल्या. "अन् तुम्हीबी नाही. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, यातून तुम्हाले काही भेटणार नाही. मी ते सांगितलंच नाही. शेडचं माझ्या पदरचं होतं." मग तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. बोलताना 'मी' म्हणत होत्या, आणि तो 'मी' आजवर त्या मधल्या खुर्चीवरून दुसऱ्यांच्याच वतीनं निघत आला होता.

यमुनाबाईंनी विचारलं, "का न्हाई सांगितलं?"

"तुमच्या घरचा चहा पीत होती," बाई म्हणाल्या. "तोंडून निघेना."

शेजारच्या बाईनं यमुनाबाईंचं लुगडं ओढून खाली बसायची खूण केली, पण त्या बसल्या नाहीत. "आसं व्हय," त्या म्हणाल्या. "मंग आता आमचंबी ऐका. ही म्याडम इचारायची, जुन्या बाया कशा बसायच्या, आज्जीनं काय शिकीवलं. आमाला वाटायचं, जेवढं चांगलं सांगू तेवढी शेड लौकर. म्हून सांगत गेलो. ती मांडनी-बिंडनी आमीच चौघींनी बसून ठरीवली. माझी आज्जी भाजी कवाच इकत नव्हती. ती हडपसरला इटभट्टीवर व्हती."

मराठी कळणाऱ्या रांगांमधून एक कुजबुज गेली आणि थांबली. मागच्या घोषणाही बंद पडल्या. सरनाईक या वेळी भाषांतर करायला उठले नाहीत. पडद्यावर तो अर्धगोल तसाच होता, त्यांचा आणि अलिझाबाईंचा, दोघांचा. अलिझाबाईंना शब्द कळले नव्हते, पण काहीतरी घडलं हे कळलं होतं. त्या विचारत होत्या, काय म्हणाल्या त्या? काय म्हणाल्या?

सरनाईक पुढे वाकले. मी दाराशी होतो तरी मला ऐकू आलं. "भोयरबाई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एवढं राहू द्या. काहीतरी गोड सांगा आणि मोकळ्या व्हा. तुमच्या जागेचं मी स्वतः बघतो."

आयुष्यभर ज्या कामासाठी त्यांना कुणी पद दिलं नव्हतं, नेमकं तेच काम कर म्हणून आता पद देत होते. आणि ज्या एका बाईनं त्यांच्यासाठी मंडळाशी भांडण काढलं होतं, तिची तीन वर्षं पुढच्या दोन वाक्यांत जाणार होती. तेही तिच्यावरचा आळ काढून दोन मिनिटं झाली नव्हती तोवर. मला वाटलं, आता तरी ही बाई वडिलांचं ऐकेल. मला मनापासून वाटत होतं की तिनं ऐकावं.

बाईंनी सांगितलं. अलिझाबाईंकडे तोंड करून, हळू, शब्दाला शब्द. शेडसाठी सांगितलं हे सांगितलं, चौघींनी बसून ठरवलं हे सांगितलं, आजी वीटभट्टीवर होती हेही सांगितलं. अलिझाबाईंनी एकदाच विचारलं, सगळं? बाईंनी ते मराठीत यमुनाबाईंना विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, समदंच न्हाई, पर तुमाला आवडलं तेवढं. बाईंनी तेही सांगितलं.

मी जेवणाची सुट्टी जाहीर केली. अजून वेळ व्हायची होती, पण कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आमच्या संस्थेत जी शांतता नांदली ती मी कधी पाहिली नव्हती. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका टेबलाशी बसले आणि त्यांचं चक्क एकमत झालं. दोष संशोधनाचा नाही आणि परंपरेचाही नाही, दोष दुभाषीचा. यापुढे संस्थेचं कुठलंही संशोधन मध्यस्थाशिवाय व्हावं असा ठराव झाला. मांडला सरनाईकांनी, अनुमोदन डॉ. अलिझा सय्यद. ते इतिवृत्तात लिहून घेताना मला संताप आला. तुमच्या दोघांच्या भांडणात खरं बोललेलं माणूस एकच, आणि घरी कोण जाणार तर तेच. मी तसं बोललो मात्र नाही, कारण बाईंनी तीन वर्षांपूर्वी केलं ते चूकच होतं आणि त्या गाळ्यांचं कुणीच काही करू शकत नव्हतं. लोणीच्या रस्त्यावरून त्या बायका पावसाआधी उठल्या. दोघी घरोघर टोपल्या घेऊन फिरायला लागल्या, यमुनाबाई मुलीकडे गेल्या असं ऐकलं.

जूनअखेर बाईंचा करार संपला. सही करायला त्या आल्या, उभ्याउभ्याच सही केली. पुढे काय म्हणून मी विचारलं. शिकवण्या, म्हणाल्या, मुलांना आपलं इंग्रजीत बोलायला शिकवीन, मधे कुणी नको. धायरीचं घर बघायचं त्यांनी थांबवलं होतं.

तेवढ्यात अलिझाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. परिषदेपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्याही संस्था सोडून चालल्या होत्या, इंग्लंडात कुठेतरी जागा मिळाली होती. अंगानं अर्ध्या झाल्या होत्या. आत आल्या आणि इंग्रजीतच म्हणाल्या, मला एक विचारायचं आहे, आणि तुम्ही आता मला खरंच सांगाल हे मला माहीत आहे.

"त्या बायका आपसात माझ्याबद्दल काय बोलायच्या? मी विचारलं की तुम्ही सांगायचात, त्यांना तुम्ही आवडता."

"आवडता असं कुणी कधी म्हटलं नाही," बाई म्हणाल्या.

अलिझाबाईंनी मान हलवली, जणू तेच ऐकायला आल्या होत्या. जायला वळल्या. बाई बोलत राहिल्या. "त्या म्हणायच्या, ही पोरगी रोज न जेवता उन्हात येते. हिच्या घरी बघणारं कुणी नाही का. एकदा यमुनाबाईंनी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, की उद्यापासून तुझा डबा आणू का, पण आमच्या हातचं तुला चालेल का."

अलिझाबाई थांबल्या. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"मला वाटलं, चालेल का हे विचारलेलं तुम्हाला लागेल. म्हणून मी सांगितलं, तुमचं काम कसं चाललं आहे असं त्या विचारतात."

"मग मी काय म्हणाले?"

"म्हणालात, छान चाललं आहे."